हौशी संगीत नाटकातील संगीत दिग्दर्शक : चालकार की तालीम मास्तर?
(हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा)

प्रस्तावना :

मराठी संगीत रंगभूमीविषयीचे समीक्षालेखन विपुल आहे. मात्र त्यातील बहुतांश लेखन नाटककार, गायक-नट आणि चालकार या तीन केंद्रांभोवती फिरताना दिसते. पद कोणत्या रागात बांधले आहे, त्याची मूळ चीज कोणती, ते कोणी गाजवले, हे प्रश्न या समीक्षेने आवर्जून विचारले. ज्याला गाण्याची तालीम नाही अशा नटाकडून ते पद गाऊन घेणारी व्यक्ती कोण आणि तिच्या कामाचे मोल कशाने ठरवायचे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. व्यावसायिक रंगभूमीच्या बाबतीत या प्रश्नाची निकड फारशी नव्हती, कारण तेथे गळा तयार होता. हौशी रंगभूमीवर हाच प्रश्न सर्वांत आधी उभा राहतो.

येथे 'हौशी' हा शब्द कमी प्रतीचे या अर्थाने वापरलेला नाही. उपजीविकेसाठी दुसरा व्यवसाय करून उरलेल्या वेळात नाटक करणारा, तो हौशी, एवढाच त्याचा अर्थ आहे. अशा संघातील संगीत दिग्दर्शक हा प्रथमतः शिक्षक असतो आणि नंतर चालकार, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्याचे मूल्यमापन मात्र आजही चालकाराच्या निकषांनी होते. ही विसंगती केवळ सैद्धांतिक नाही. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात संगीत नाटक उभे राहील की नाही, हे तिच्यावर अवलंबून आहे.

'तालीम मास्तर' ते 'संगीत दिग्दर्शक' :

अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. किर्लोस्कर त्या वेळी महसूल आयुक्तांच्या कचेरीत नोकरीस होते. म्हणजे ज्या प्रयोगापासून संगीत रंगभूमीचा इतिहास मोजला जातो, त्याचा कर्ता नोकरी सांभाळून नाटक करणारा गृहस्थ होता. 'शाकुंतल'मध्ये सुमारे दोनशे पदे होती. एवढी पदे एका रात्रीत गायची तर ती ख्यालाच्या विस्ताराने गाता येणारच नव्हती. साकी, दिंडी, कामदा, ओवी अशा परिचित छंदांचा आणि कीर्तनातून कानावर असलेल्या चालींचा आधार किर्लोस्करांनी घेतला, त्याचे एक कारण हेच असावे. चाल श्रोत्याला आणि नटालाही आधीपासून ठाऊक होती. त्यामुळे शिकवणाऱ्याचे काम शब्द, लय आणि अभिनय यांचा मेळ घालण्यापुरते उरत असे. नाटककार, चालकार आणि शिक्षक या तीनही भूमिका एकाच व्यक्तीत सामावलेल्या होत्या.

गोविंद बल्लाळ देवल हे याच परंपरेतील. 'संगीत शारदा' (१८९९) आणि 'संगीत संशयकल्लोळ' (१९१६) यांचे कर्ते म्हणून ते परिचित आहेत. परंतु नाटक मंडळीतील त्यांची दुसरी ओळख नटांना घडविणारा शिक्षक ही होती. त्या काळच्या मंडळ्यांत रूढ असलेला 'तालीम मास्तर' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. या शब्दात मान कामाला आहे आणि ते काम शिकविण्याचे आहे.

'संगीत मानापमान' (१२ मार्च १९११) या खाडिलकरांच्या नाटकापासून चित्र बदलले. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या आणि नाटककाराहून वेगळा, स्वतंत्र संगीतकार ही कल्पना येथून स्थिरावली. गंधर्व नाटक मंडळीच्या 'संगीत स्वयंवर'ला (१९१६) भास्करबुवा बखले यांच्यासारख्या थोर गवयाच्या चाली लाभल्या. पुढे रामकृष्णबुवा वझे, मास्टर कृष्णराव यांनी ही परंपरा समृद्ध केली. नाट्यपदाला शास्त्रोक्त संगीताची खोली या कालखंडाने दिली, हे निर्विवाद आहे. परंतु या चालींमागे एक अट होती. चाल बांधणाऱ्याला ती कोणाच्या गळ्यात जाणार हे आधीच माहीत होते. भामिनी आणि रुक्मिणी बालगंधर्व साकारणार होते, आणि ते स्वतः भास्करबुवांचे शिष्य होते. चालीची झेप आणि गळ्याची तयारी ही एकाच गुरुशिष्य परंपरेची दोन टोके होती. शिकवणे येथेही होतेच, पण ते तयार शिष्याला शिकवणे होते.

व्यावसायिक मंडळ्यांना उतरती कळा लागली तेव्हा ही नाटके हौशी संस्थांच्या हाती आली. संहिता आल्या, चाली आल्या, ध्वनिमुद्रिकाही आल्या. गळे मात्र आले नाहीत. परिणामी हौशी संगीत दिग्दर्शकाकडे एक विचित्र काम सोपविले गेले. एका असामान्य गळ्यासाठी घडलेली चाल सामान्य गळ्यात शक्य तितकी जशीच्या तशी बसवायची, आणि प्रेक्षकांनी ती ध्वनिमुद्रिकेशी ताडून पाहायची. या तुलनेत हौशी प्रयोग हरणार हे पहिल्या तालमीपूर्वीच ठरलेले असते.

तालमीतील प्रत्यक्ष काम :

या कामाचे स्वरूप काही उदाहरणांनी स्पष्ट करता येईल.

पहिला प्रश्न पट्टीचा. स्त्रीभूमिका पुरुष करीत तेव्हा नायक-नायिकांच्या पट्टीत फारसे अंतर नसे. स्त्रीभूमिका स्त्रिया करू लागल्यावर हे अंतर वाढले. नायक काळी एकमध्ये आणि नायिका काळी चारमध्ये गात असेल, तर नायकाच्या षड्जापासून नायिकेचा षड्ज पंचमाच्या अंतरावर येतो. उलट नायिकेच्या पट्टीत नायकाचा षड्ज मध्यमाच्या जागी पडतो. एका पट्टीत बसविलेले द्वंद्वगीत दोघांपैकी एकाला हमखास अडचणीत टाकते. यावर उपाय दोनच. एक तर पदाचे तुकडे पाडून ज्याच्या त्याच्या पट्टीत द्यायचे आणि मधला पूल ऑर्गनने बांधायचा. किंवा मधली पट्टी धरून तारसप्तकातील जागा गाळायच्या. यांपैकी कोणता उपाय कोणत्या प्रसंगाला शोभेल, हा निर्णय संगीताइतकाच नाट्याचाही आहे. भांडणाच्या प्रसंगात पट्टी बदलली तर ती अर्थपूर्ण वाटू शकते, पण मीलनाच्या प्रसंगात तीच खटकते.

दुसरा प्रश्न पदाच्या लांबीचा. आलाप-तानांनी पद वाढविण्याचा अधिकार ज्याच्या गळ्यात तो विस्तार आहे त्यालाच असतो. हौशी नटाने पाठ केलेल्या ताना म्हटल्या की त्या घोकलेल्या आहेत हे मागच्या रांगेलाही कळते. अशा वेळी अस्ताई आणि एक अंतरा शब्दोच्चारासह नीट म्हणवून पुढच्या संवादावर येणे, हा पराभव मानू नये. तो संपादनाचा विवेक होय. पदाचा राग, त्याची मुख्य संगती आणि शब्दांचा अर्थ ज्याने दुखावतो असा बदल मात्र या विवेकात बसत नाही. पद सोपे करणे आणि पद मोडणे यांतील सीमारेषा राखणे, ही संगीत दिग्दर्शकाची खरी जबाबदारी आहे.

तिसरा प्रश्न गद्यातून पद्यात जाण्याचा. अनेक हौशी प्रयोगांत संवाद संपतो, नट थांबतो, ऑर्गनचा स्वर घेतो आणि मग गातो. या चार क्षणांत नाटक थांबलेले असते. स्वर संवादाच्या अखेरच्या वाक्याखाली अगोदरच पेरून ठेवणे, त्या वाक्याची फेक पदाच्या पहिल्या स्वराकडे झुकती ठेवणे, या गोष्टी कोणत्याही स्वरलिपीत लिहिलेल्या नसतात. त्या तालमीत शिकवाव्या लागतात.

चौथा प्रश्न साथीचा. जिवंत साथीदार नटाचा श्वास ऐकतो. नट ओळ विसरला तर ठेक्याचे आणखी एक आवर्तन घेतो, स्वर उतरला तर पेटीवर तो स्वर हळूच ठळक करतो. ध्वनिमुद्रित साथीला यातले काही करता येत नाही. तिची पट्टी आणि लय आधीच गोठलेली असते आणि नटाला तिच्यामागे धावावे लागते. साथीदारांचा खर्च व त्यांची उपलब्धता यामुळे अशा तयार साथीचा मोह संस्थांना होतो, हे समजण्यासारखे आहे. पण ज्या नटाला आधाराची सर्वाधिक गरज आहे, त्याच हौशी नटाचा आधार ती काढून घेते. तयार साथ आली की संगीत दिग्दर्शकाचे शिकविण्याचे कामही संपते, आणि योग्य वेळी कळ दाबणे एवढेच त्याच्याकडे उरते.

चालकाराच्या पलीकडे : तीन दाखले :

शिक्षक म्हणून संगीत दिग्दर्शकाने नाटक उभे केल्याचे दाखले मराठीत आहेत. 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा'मध्ये (१९३३) केशवराव भोळे यांनी पदांची संख्या मोजकी ठेवली आणि संगीत प्रसंगाच्या अधीन केले. सुशिक्षित, ध्येयवादी मंडळींनी उभ्या केलेल्या या संस्थेत गाणे हे पात्राच्या बोलण्याचा भाग झाले. धी गोवा हिंदू असोसिएशनच्या 'मत्स्यगंधा'ला (१९६४) संगीत देताना पं. जितेंद्र अभिषेकी यांनी नाट्यपद आटोपशीर केले. रामदास कामत यांच्या तयार गळ्याबरोबरच आशालता यांच्यासारख्या नव्या अभिनेत्रीच्या आवाजाचाही त्यांनी विचार केला. थोर गवयाने गळ्याकडे पाहून चाल बांधावी ही जुनीच रीत. पण येथे ती नवख्या गळ्यालाही लागू झाली.

तिसरा दाखला सर्वांत बोलका आहे. विजय तेंडुलकर यांचे 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने रंगभूमीवर आणले. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद, संगीत भास्कर चंदावरकर. १९ प्रयोगांनंतर संस्थेने प्रयोग थांबविले आणि १९७३ मध्ये 'थिएटर अकादमी' स्थापून याच मंडळींनी ते पुढे चालू ठेवले. शिक्षण वा नोकरी-व्यवसाय सांभाळून नाटक करणाऱ्यांचा हा संघ होता. चंदावरकर सतारवादक होते आणि पुण्याच्या चित्रपट संस्थेत संगीत शिकवीत असत. त्यांनी कीर्तन, अभंग, लावणी, नामावळी अशा परिचित रूपांचा उपयोग केला आणि गाण्याचे ओझे एका नायक-नायिकेवर न टाकता बारा ब्राह्मणांच्या रांगेवर वाटून दिले. ही रांग पडदा होते, भिंत होते, जमाव होते आणि गातेही. समूहात एखादा गळा कच्चा असला तरी समूह त्याला झेलतो. संघाची मर्यादा येथे रचनेचे तत्त्व झाली.

'घाशीराम' हे रूढ अर्थाने संगीत नाटक नाही, असा आक्षेप येथे घेतला जाईल. रागदारी नाट्यपद हाच संगीत नाटकाचा प्राण मानला तर तो आक्षेप खरा आहे. परंतु १८८० च्या 'शाकुंतल'ची साकी-दिंडी डोळ्यांसमोर ठेवली, तर परिचित चालीतून कथा पुढे नेणारे नाटक हेच संगीत नाटकाचे मूळ रूप ठरते. त्या दृष्टीने 'घाशीराम' परंपरेपासून तुटलेले नाही. ते 'मानापमान'पूर्वीच्या परंपरेला जाऊन मिळते. सतीश आळेकर यांचे 'महानिर्वाण' (१९७४) हे पुढचे पाऊल. मृत भाऊराव स्वतःच्याच मरणाचे कीर्तन करतो, ही त्याची कल्पना. त्याला संगीत देणारे आनंद मोडक बँकेतील नोकरी सांभाळून संगीत करीत होते, हे येथे नोंदवण्याजोगे आहे.

हिंगोली जिल्ह्याचा संदर्भ :

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे त्याचे पाच तालुके. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. पुणे-मुंबई-सांगली या पट्ट्यात संगीत नाटकाला जो आश्रय आणि जो गायकवर्ग मिळाला, तसा तो येथे घडला नाही. राज्य नाट्य स्पर्धेची जवळची केंद्रेही परभणी, नांदेड या शेजारच्या शहरांत राहिली आहेत. केवळ रागदारी नाट्यपदाच्या मापाने मोजले तर हा जिल्हा संगीत नाटकाच्या नकाशावर रिकामा दिसेल.

माप बदलले तर चित्र बदलते. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे. नामदेव हे कीर्तन परंपरेचे आद्य पुरस्कर्ते मानले जातात आणि त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. विसोबा खेचर आणि नामदेव या गुरुशिष्यांची कथा औंढ्याच्या नागनाथ मंदिराशी जोडलेली आहे. हा केवळ अभिमानाचा विषय नाही; तो आजही गळ्यात असलेला वारसा आहे. गावोगावच्या भजनी मंडळांत पखवाज, टाळ, वीणा, पेटी यांच्या साथीने गाणाऱ्या माणसाला ताल शिकवावा लागत नाही. एकाने म्हणावे आणि इतरांनी उचलावे, ही रीत त्याच्या अंगवळणी पडलेली असते. कीर्तनकाराजवळ तर संगीत नाटकाला हवे असलेले सर्वांत दुर्मिळ कौशल्य असते. बोलता बोलता गाण्यात शिरणे आणि गाता गाता बोलण्यावर येणे त्याला सहज जमते. हौशी नट जे चार क्षण थांबतो, तेथे कीर्तनकार कधीच थांबत नाही. भारूड, गोंधळ, शाहिरी आणि आंबेडकरी जलसा यांनाही हेच लागू पडते.

मात्र या साधनसामग्रीचे भाबडे कौतुक उपयोगाचे नाही. भजनाची पट्टी सहसा चढी असते. तिच्यात जोश असतो, पण शब्द हरवतात. भजनात ओळ पुन्हा पुन्हा म्हटल्याने रंग चढतो, तर नाटकात त्याच आवर्तनाने प्रसंग अडतो. भजनातील गायक स्वतः भक्त असतो. नाटकात त्याला पात्र व्हावे लागते, प्रसंगी दांभिकाच्या तोंडचा अभंगही म्हणावा लागतो. 'घाशीराम'मधील नामस्मरणाला उपरोधाची जी धार आहे ती आयत्या भजनातून आलेली नाही. पट्टी उतरविणे, आवर्तने छाटणे, शब्द पुढे आणणे आणि श्रद्धेचा स्वर व पात्राचा स्वर यांतील अंतर गायकाला समजावणे, हे काम संगीत दिग्दर्शकाचेच आहे. या जिल्ह्यात त्याने गळे पुण्याहून आणण्याची गरज नाही. येथल्या गळ्यांना नाटक शिकवण्याची गरज आहे.

मूल्यमापनाचा प्रश्न :

राज्य संगीत नाट्य स्पर्धेत संगीत दिग्दर्शन, गायन आणि साथसंगत यांना स्वतंत्र पारितोषिके आहेत, ही स्वागतार्ह बाब आहे. परंतु एका उत्तम गायकाभोवती बसविलेला प्रयोग आणि दहा सामान्य गळ्यांतून घडविलेला प्रयोग यांत पहिल्याकडे कौल झुकण्याची शक्यता अधिक असते, कारण कानाला चटकन जाणवते ते गायन. दुसऱ्या प्रयोगामागील संगीत दिग्दर्शनाचे श्रम अधिक असूनही ते ऐकू येत नाहीत.

महाविद्यालयीन पातळीवर हा प्रश्न अधिक तीव्र आहे. आंतरविद्यापीठीय युवक महोत्सवाच्या नियमांनुसार एकांकिकेला ३० मिनिटे, जास्तीत जास्त ९ कलावंत आणि ३ साथीदार अशी मर्यादा आहे. ही मर्यादा संगीत दिग्दर्शकाच्या दृष्टीने एक संधी आहे. नऊ नट, पेटी, पखवाज आणि टाळ एवढ्यात समूहगायनाचे नाटक उभे राहू शकते. तरीही या तीन साथीदारांच्या जागी ध्वनिमुद्रित तुकडे वापरणे सोयीचे मानले जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यात लागू झालेल्या पदवी आराखड्यात सहअभ्यासक्रमीय उपक्रमांनाही श्रेयांक मिळतात. श्रेयांक आले की गुण आले, आणि गुण आले की निकष ठरवावे लागतात. ते निकष केवळ सादरीकरणाच्या रात्रीचे असतील, तर आधीच गाणारा विद्यार्थी गुण मिळवील आणि प्रथमच गाऊ लागलेला विद्यार्थी मागे राहील. शिक्षणसंस्थेने नेमके याच्या उलट करणे अपेक्षित आहे.

निष्कर्ष :

१. मराठी संगीत नाटकाचा आरंभ परिचित चालींवर आणि शिकविण्यावर आधारलेला होता. चालकाराचे स्वतंत्र महत्त्व नंतर, तयार गळ्यांच्या व्यावसायिक रंगभूमीवर स्थिरावले.

२. हौशी संस्थांनी व्यावसायिक रंगभूमीच्या चालींबरोबर तिचे निकषही स्वीकारले. त्यामुळे त्यांचा संगीत दिग्दर्शक अनुकरणाच्या चौकटीत अडकला.

३. 'घाशीराम कोतवाल' आणि 'महानिर्वाण' या नाटकांनी संघाच्या मर्यादेतूनच संगीताची रचना घडू शकते, हे सिद्ध केले.

४. हिंगोली जिल्ह्यातील कीर्तन-भजनाची परंपरा संगीत नाटकासाठी समर्थ आधार आहे. मात्र तिचे नाट्यात रूपांतर करणारा शिक्षक तिला हवा.

५. हौशी संगीत दिग्दर्शनाचे परीक्षण करताना पट्टीची निवड, शब्दांची स्पष्टता, गद्य-पद्याचा सांधा आणि जिवंत साथीशी असलेला संवाद हे चार निकष गायनाच्या तयारीइतकेच महत्त्वाचे मानावेत. प्रयोगाबरोबरच एखादी तालीमही परीक्षकांनी पाहावी.

गळा किती वर गेला, यावरून गायकाची थोरवी ठरते. संगीत दिग्दर्शकाची थोरवी संघातील सर्वांत कच्चा गळा पहिल्या तालमीपासून प्रयोगापर्यंत कोठवर आला, यावरून ठरवावी लागेल. हे माप स्वीकारल्यास ज्या गावात एकही गवई नाही, त्या गावातही संगीत नाटक होऊ शकते. 'तालीम मास्तर' या जुन्या शब्दात हे माप सामावलेले होते. समीक्षेने तो शब्द पुन्हा वापरात आणणे आवश्यक आहे.